ठकूबाईंनी माझा डोळा पाहिला

ठकूबाई. आधी त्यांचं नाव लिहिते, मग काय झालं ते. आडनाव मला माहीत नाही. गावही धड माहीत नाही. सुरगाण्याकडच्या कुठल्याशा पाड्यावर राहतात, एवढंच कळलं. नांदुरीच्या स्टँडवर आमची गाठ पडली, ती एक बस येऊन दुसरी सुटेपर्यंतची. तरी आज मी सुईत दोरा घालते आणि हा कागद पुढ्यात धरून लिहिते, ते त्यांच्यामुळे. शाळा मी सातवीतच सोडली, त्यामुळे लिहिताना चुकेल, मागचं पुढे होईल. पण नाव आधी लिहून झालं, आता मला जरा धीर आला.

मी मूळची चंद्रपूरकडची. शाळेत होते तेव्हा पाठीवर आणि कोपरापाशी फिकट चट्टे उठले. खाजत नव्हते, दुखत नव्हते, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आमच्या या आजाराची सगळी गोम तिथेच आहे. कुष्ठरोग आहे हे कळलं तेव्हा मायनं मला शाळेतून काढलं, बाईंनी काही म्हणायच्या आधीच. गोळ्या चालू झाल्या, पूर्ण केल्या, बिमारी गेली. आता माझ्यापासून कोणाला काही होत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. पण गोळ्या सुरू व्हायला उशीर झाला होता. बोटं वाकली ती वाकलीच. हातांना गरम-गार, टोचलं-कापलं कळेनासं झालं. आणि पापण्यांची ताकद गेली. उजव्या डोळ्याला जखम कधी झाली ते मला समजलंच नाही. समजलं तेव्हा तो पांढरा पडला होता. राहिला डावा. तोही पुरता मिटत नाही, झोपेत खाली फट राहते. गावच्या बाया म्हणायच्या, "हिच्या घरी चोर जायचा नाही, ही झोपेतही पाहते." मीही त्यांच्याबरोबर हसायची. हसल्याशिवाय भागत नव्हतं.

माझे मालकही त्याच दवाखान्यातून गोळ्या घेणारे. तिथेच आमचं जमलं. द्राक्षाच्या बागांत काम मिळतं असं ऐकून आम्ही दोघं नाशिकला आलो. ते पुढे वारले, मी राहिले. गावी भाऊ आहे. फोन करतो, पीकपाणी सांगतो, पण 'परत ये' असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि मीही त्याच्यावर तशी वेळ आणली नाही. मखमलाबादच्या बाजूला मंगलताईंचा फुलांचा मळा आहे आणि पंचवटीत देवळांच्या वाटेवर हारांचं दुकान. त्यांनी माझे हात बघितले आणि विचारलं, "सुई धरता येईल का?" मी म्हटलं, "येईल, पण बघून." एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं.

बघून म्हणजे काय ते सांगते. दुसऱ्या बाया हार ओवताना गप्पा मारतात, रस्त्यावरच्या वराती बघतात. त्यांच्या बोटांना देठ कळतो, सुईचं टोक कळतं. माझ्या बोटांत सुई आहे की खाली पडली, हे मला डोळ्यानं बघून ठरवावं लागतं. चहा गरम आहे का, चपलेत खडा शिरला का, तव्याला हात लागला का, सगळं डोळ्यानंच. तुमची दहा बोटं जे करतात ते माझा एक डोळा करत होता. त्याच डोळ्यात मोतीबिंदू आला.

तो आला हे आधी मंगलताईंना कळलं. पांढऱ्या शेवंतीचा एक मोठा हार मी करून ठेवला होता. तो उचलून त्या म्हणाल्या, "अगं, ही लाल ठिपक्यांची शेवंती आपल्या मळ्यात कधी लावली?" मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी माझा हात उताणा केला. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून रक्ताळली होती आणि मला पत्ताच नव्हता. हार नदीत सोडायच्याही लायकीचा राहिला नाही, सरळ कचऱ्यात गेला. देवाला कसा वाहणार? ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच विचार घोळायला लागला. दुसरा आंधळा माणूस हातानं चाचपून घर चालवतो, भिंतीला धरून दारापर्यंत जातो. मी चाचपणार कशानं?

दुकानात गल्ल्याच्या वर सप्तशृंगी आईची तसबीर आहे. शेंदरी अंग, मान जराशी कललेली, आणि ते मोठे, न मिटणारे डोळे. मी आमच्याकडच्या महाकालीला मानणारी. या आईची मला सवय नव्हती. पण रोज समोर बसून बसून एक दिवस वाटलं, हिचेही डोळे मिटत नाहीत. तेव्हापासून ती मला परकी राहिली नाही. तरी मागायला जीभ रेटत नव्हती. लहानपणी मी पुष्कळ मागितलं होतं आणि काय मिळालं ते माझ्या हातांवर दिसतंच आहे. शंका अशी होती, की देवाला आमच्यासारख्यांकडे बघायला फुरसत आहे का. ही शंका मी कोणाला बोलून दाखवली नाही. हार करता करता मनातल्या मनात तिलाच सांगितली.

मंगलताई मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. आधी एका शिबिरात मला 'या डोळ्याला हात न लावलेला बरा' असं सांगून परत पाठवलं होतं, म्हणून मी दारातच घाबरून उभी. इथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी खूप वेळ तपासलं, कापसाचं टोक बुबुळाला लावून बघितलं. मला काहीच कळलं नाही, हे त्यांना कळलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "मावशी, खोटं सांगणार नाही. डोळा मिटत नाही, बुबुळाला संवेदना नाही, आत कधी तरी सूज येऊन गेलीय. चारचौघांसारखा निकाल लागेलच असं नाही. पण तुमच्यासारख्या काही जणांना चांगलं दिसायला लागलंय. आपण घाई करायची नाही. आधी डोळा शांत करू."

डोळा शांत होईपर्यंत औषध होतं आणि एक काम होतं. ते म्हणजे आठवणीनं डोळा मिटायचा. तुमच्या पापण्या आपोआप लवतात, माझ्या लवत नाहीत. म्हणून मला ठरवून, जोर लावून मिटावं लागतं, नाहीतर डोळा सुकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, एखाद्या कामाला ते बांधून घ्या म्हणजे विसरणार नाही. मी फुलाला बांधून घेतलं. एक फूल ओवलं की एकदा डोळा मिटायचा. झेंडू असो, शेवंती असो. पुढे पुढे मिटताना तोंडात आईचं नाव यायला लागलं. मी काही जप करायचा म्हणून केला नाही. फूल, मिटणं, नाव, असं आपसूक लागून गेलं. एका हाराला किती फुलं लागतात! इतक्यांदा मी जन्मात कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्यातच एक दिवस नवस तोंडातून निघून गेला. आई, दिसलं तर माझ्या हातचा हार घेऊन गडावर येईन, आणि पहिलं तोंड तुझं बघेन.

ऑपरेशन झालं. मला फक्त उजेड आणि डॉक्टरबाईंचा आवाज आठवतो. त्या मध्येच सिस्टरला म्हणाल्या, "छान, छान चाललंय," आणि मला वाटलं, हे मला ऐकू यावं म्हणून बोलतायत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर मंगलताई. मी बघतच राहिले. म्हटलं, "ताई, तुमचे केस कधी पिकले हो?"

"तुला दिसत नव्हतं तोवर काळेच होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, परत झाकून टाका हिचा डोळा."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि हसता हसता मनात चर्र झालं. पहिलं तोंड आईचं बघायचं कबूल केलं होतं आणि बघितलं ते ताईंचं. ताईंना मी हे बोलले नाही. पण ते कुसळासारखं मनात राहिलं, आणि पुढची सगळी घाई त्यातून झाली.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. थेंब वेळेवर घालायचे, झोपताना झाकण लावायचं, धुळीपासून जपायचं, फुलांचं काम तूर्त बंद. आणि म्हणाल्या, "इतरांना मी सांगते, दुखलं तर या. तुम्हाला तसं नाही सांगणार. तुमचा डोळा दुखणार नाही. कोणाकडून तरी रोज बघून घ्या, लाल दिसतोय का, पांढरं काही दिसतंय का." कोणाकडून तरी, कारण मला स्वतःला दिसणार नव्हतं. नवीन भिंग बसवलं की लांबचं लख्ख दिसतं, जवळचं धूसर; जवळचा चष्मा पुढे मिळायचा होता. रामकुंडापलीकडच्या देवळाचा कळस मला दिसत होता, पण आरशात स्वतःचा डोळा म्हणजे नुसता काळा डाग.

रोज सकाळी मंगलताई बघायच्या. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करायच्या आणि म्हणायच्या, "झकास." मग त्यांच्या भाच्याचं लग्न आलं, त्या घोटीला गेल्या. जाताना शेजारच्या दुकानातल्या वहिनींना सांगून गेल्या होत्या. पण मला वहिनींकडे जायचा संकोच वाटला. माझ्या तोंडाशी तोंड आणून त्यांनी बघायचं, आणि नको म्हणाल्या तर? त्यापेक्षा दुखत नाहीये ना, मग ठीकच असेल. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीनं माझी बोटं नेली, एक डोळा नेला, त्याच गोष्टीवर मी पुन्हा विश्वास ठेवला. उलट मी ती आईची कृपा धरून बसले. ऑपरेशन होऊन कळसुद्धा नाही, म्हणजे तिनं झेललं असणार.

ताई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्याच दिवशी दवाखान्यात तपासणीला बोलावलं होतं. पण शुक्रवार आईचा वार. मी ठरवलं, आधी नवस, मग दवाखाना. डॉक्टरांना उद्या तोंड दाखवता येईल, देवीला थांबवायचं नाही. आमच्याकडे नवस फेडायला उशीर झाला की घरात आजारपण येतं म्हणतात, तीही भीती होतीच. काम बंद सांगितलं असताना गुरुवारी मी एकच हार केला. ताईंनी जाण्याआधी दुकानातल्या कामासाठी दोरा घालून ठेवलेल्या सुया होत्या. हात लांब धरून, एकेक पांढरी शेवंती बघत, मिटत, नाव घेत पूर्ण दिवस लावला. झाल्यावर हार उजेडात धरला. कुठेही लाल नव्हतं.

सकाळी ओटीचा खण, नारळ आणि पिशवीत ओल्या फडक्यात हार घेऊन मी निघाले. गडाची थेट बस भरलेली होती, म्हणून गडाच्या पायथ्याशी, नांदुरीपर्यंत जाणाऱ्या बसमध्ये बसले. खिडकीपाशी जागा मिळाली. किती वर्षांनी मी शेतं अशी बघत होते. द्राक्षांच्या ओळी, त्यांच्या तारा, कांद्याच्या चाळी, उसाच्या गाड्या. दिंडोरी मागे पडली तसं सगळ्यावर पांढुरकं काही तरी पसरल्यासारखं वाटायला लागलं. थंडीचे दिवस होते. मी कंडक्टरला विचारलं, "इकडे धुकं फार असतं का हो?"

तो तिकिटं फाडता फाडता बाहेर बघून म्हणाला, "कुठंय धुकं, मावशी? ऊन टोचतंय."

मी पदरानं खिडकी पुसली. मनाशी म्हटलं, काच मळलेली असेल.

नांदुरीला उतरून गडाच्या बसची वाट बघत बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी बाई येऊन टेकली. ती येतानाच लांबून दिसलं होतं, कपाळाला मळवट, पदराला नारळाचा तुकडा बांधलेला; दर्शन करून उतरलेली दिसत होती. तिनं माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं. मी तिच्या पायांकडे. दोघींच्या पायांत त्याच काळ्या, जाड, मऊ तळाच्या चपला, मागे पट्टा असलेल्या. आमच्या दवाखान्यातून मिळतात त्या. आमची ओळख अशीच पटते.

"गोळ्या कुठं खाल्ल्या गं बाय तू?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. इतक्या लांबून आलीस का, म्हणाली. नाव सांगितलं, ठकूबाई. सुरगाण्याकडची. मग मी हौसेनं माझ्या ऑपरेशनचं सांगायला लागले, नवसाचं सांगितलं, पिशवी उघडून हार दाखवला. ठकूबाई हाराकडे बघतच नव्हत्या. त्यांनी वाकड्या बोटांच्या मागच्या बाजूनं माझी हनुवटी वर केली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं.

"बाय, डोळा रगात झालाय तुझा."

"दुखत नाही पण," मी म्हटलं.

"दुखंल कसा? आपल्याला दुखतंय कुठं? आपलं दुखणं दुसऱ्यानं बघायचं आसतंय." त्या अजून जवळ आल्या. "बुबळावर पांढरं कायतरी आलंय, तांदळाच्या कणीवानी. कोण बघतंय तुला रोज?"

मी सांगितलं, बघणाऱ्या बाई लग्नाला गेल्यात.

"मंग दुसरी धरायची. लाजती कशाला? माझी जाऊ व्हती, ती रोज सांजच्याला माझं तळपाय मांडीवर घेऊन बघायची. काटा हाय का, फोड हाय का. भांडण झालं तरी बघायची. शिव्या देत बघायची, पण बघायची. ती गेली. आता मीच वाकून बघते. अर्धा पाय दिसतोय, अर्धा नाय." एवढं बोलून त्यांनी माझी पिशवी माझ्या मांडीवरून उचलली. "तू माघारी फीर. ती नाशकाची गाडी लागलीय बघ."

मला रडू आलं. म्हटलं, "मावशी, नवस आहे. इथवर आलेय. वर जाते, दर्शन घेते, संध्याकाळी दवाखान्यात जाईन."

"आई कुठं पळून चालली का? वरच हाय ती. डोळा मातुर चाललाय." मग आवाज जरा मऊ झाला. "हार मी वाहते. ओटी पण भरते. तुझं नाव काय सांगू आईला?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "पण तुम्ही आत्ताच उतरलात ना?"

"मंग काय झालं? वाट वळखीची हाय."

मला धरून त्यांनी नाशिकच्या बसमध्ये बसवलं. कंडक्टरला म्हणाल्या, "ह्या बाईला डोळ्याच्या दवाखान्याजवळ उतरीव. झोपली तर हलीव."

"अहो आजी, ती तर टक्क बघतेय."

"आमच्यातल्या तशाच झोपतात," ठकूबाई म्हणाल्या, "हलवूनच बघायचं."

बस सुरू झाली. खिडकीतून मी मागे बघितलं. पिशवी छातीशी धरून त्या गडाच्या रस्त्याकडे चालल्या होत्या. जवळ बसल्या होत्या तेव्हा मला त्यांचं तोंडही नीट दिसलं नव्हतं. लांब गेल्यावर, त्या पांढुरक्या पडद्यातूनही, दिसायला लागल्या. त्या लंगडत होत्या. डाव्या टाचेला चपलेच्या आत फडकं बांधलेलं होतं आणि त्यावर ओल आली होती. पायाला जखम होती. ती त्यांना कळत होती की नाही, कोण जाणे. मी हाक मारली. बस वळली.

दवाखान्यात डॉक्टरबाई निघायच्या बेतात होत्या. मला बघून पर्स खाली ठेवली. मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, आणि थोड्या वेळानं चिमट्यात काही तरी धरून मला दाखवलं. मला दिसलं नाही, इतकं बारीक. शेवंतीच्या वाळक्या पाकळीचं कुसळ. वरच्या पापणीखाली बसलं होतं आणि पापणी मिटताना दर वेळी बुबुळ खरवडत होतं. त्याची जखम होऊन तिच्यात पू धरायला लागला होता. दुसऱ्या कोणाला असतं तर क्षणभर चैन पडली नसती. मी मात्र ते डोळ्यात घेऊन देवीच्या भेटीला निघाले होते.

हे ऐकलं आणि मला तो हार आठवला. आईसाठी ओवलेल्या हारातलंच ते कुसळ. दर फुलाला मी डोळा मिटत होते, दर मिटण्याला नाव घेत होते, आणि दर मिटण्याला ते खरवडत होतं. पलंगावर पडल्या पडल्या मी तिला विचारलं, आई, हे असं कसं गं? माझी लहानपणची शंका पुन्हा उशाशी येऊन बसली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "कोणी बघितलं?" एवढंच विचारलं. मी ठकूबाईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार वेळेवर बघितलं हो. उद्यापर्यंत थांबला असतात तर मला तुम्हाला काय सांगावं लागलं असतं माहीत नाही." मला ठेवून घेतलं. सिस्टर घड्याळ लावून थेंब घालायच्या. डोळा राहणार की नाही, हे पहिले काही दिवस कोणी सांगत नव्हतं आणि मी विचारत नव्हते. मंगलताई लग्न सोडून आल्या. वहिनीही आल्या डबा घेऊन, आणि म्हणाल्या, "माझ्याकडे आली असतीस तर मी काय खाल्लं असतं का तुला?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्या दिवसांत माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. फुलं नव्हती, सुई नव्हती. नवस माझ्या हातून सुटून दुसऱ्याच बाईच्या हातात गेला होता, आणि ती दुखऱ्या पायानं तो घेऊन वर चढत होती. मी पडून पडून तेच बघायची. हळूहळू ध्यानात आलं, की मी आईला शरण गेले म्हणत होते पण सगळं माझ्याच हातात ठेवलं होतं. वार माझा, घाई माझी, पहिलं तोंड कोणाचं बघायचं तो हट्टही माझाच. शरण जायचं म्हणजे आपली हनुवटी दुसऱ्याच्या हातात देणं. त्यानं उजेडाकडे वळवली की वळायचं, आणि त्याला जे दिसलं ते खरं मानायचं. एवढं सोपं, पण मला त्या बाकावर बसेपर्यंत ते आलं नव्हतं. कुसळ आईनं घातलं की नाही, ठकूबाईंना तिनं पाठवलं की नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवावंसंही वाटत नाही.

डोळा राहिला. बुबुळावर एक बारीक पांढरा डाग कायमचा राहिला, त्या बाजूनं थोडं कमी दिसतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठरवलं होतं तेवढा निकाल नाही लागला, पण कामाचा लागला. जवळचा चष्मा मिळाला. पहिल्यांदा सुईत दोरा घातला तेव्हा मंगलताईंनी दुकानात पेढे वाटले. आता रोज सकाळी ताई नसल्या तर वहिनी माझा डोळा बघतात. वहिनी बघता बघता सासूची गाऱ्हाणी सांगतात, त्यामुळे तपासणी लांबते.

नंतर बऱ्याच दिवसांनी, डॉक्टरबाईंना विचारून, मी ताईंबरोबर गडावर गेले. पायऱ्यांच्या सुरुवातीला एक नारळवाली बसते. तिला विचारलं, काळ्या चपलांची, लंगडणारी म्हातारी बाई आठवते का? ती म्हणाली, "ती व्हय? एकाच दिवशी दोनदा चढली ती. मी म्हटलं, आजी, काय विसरलीस का? तर म्हणाली, माझं नाय, दुसरीचं राहिलंय." पुढे काही तिला माहीत नव्हतं. वर गेले. आई समोर होती, शेंदरी, मान कललेली, डोळे उघडे. मागायला काही सुचलं नाही. मी फक्त हनुवटी जरा वर करून उभी राहिले.

उतरताना मंगलताई म्हणाल्या, "अगं, ती आईच होती. म्हातारीच्या रूपात आली." दुकानातल्या सगळ्या बाया असंच म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मला वाटतं, आईच्या टाचेला जखम नसते. ठकूबाईंच्या होती. आई असती तर मी तिला परत काय देणार होते? ठकूबाई माणूस आहेत, म्हणून मला काही करता येईल.

देवळांच्या वाटेवर बसून हार ओवताना आता माझी नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांवर असते. काळ्या चपला दिसल्या की मी उठते. सुरगाण्याकडच्या गाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या बायांनाही विचारून ठेवलंय. ठकूबाई, कधी नाशकाला आलात तर पंचवटीत फुलांच्या दुकानात या. नाही आलात तर मी पाडे हिंडत येईन. मग सांजेला, उजेड आहे तोवर, तुमचे दोन्ही तळपाय मी मांडीवर घेईन आणि या डोळ्यानं, पुरते बघेन.